काथ्याचा टाका, तांब्याची तार

मागच्या पावसाळ्यात आम्ही चार मित्रांनी माझ्या घराच्या पडवीत होडी बांधायला घेतली. चौघांत सुतार एकही नाही. एक जण शाळेत भूगोल शिकवतो, दुसरा पतपेढीत रोखपाल आहे, तिसऱ्याचे मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे आणि चौथा मी. गाव खाडीकाठचे, त्यामुळे होड्या जन्मापासून पाहिलेल्या. पण पाहणे वेगळे आणि बांधणे वेगळे. भूगोलवाल्या मित्राने इंटरनेटवरून अकरा फुटी होडीचे नकाशे विकत घेतले, मुंबईहून मरीन प्लायचे चार तक्ते आले आणि जूनच्या पहिल्या रविवारी आम्ही पडवीतला झोपाळा काढून ठेवला.

दुसऱ्याच दिवशी जोहरच्या नमाजला निघालेले शेजारचे चाचा कुंपणापाशी थांबले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “काय रे, नूहची किश्ती बांधतोस? तुफान येणार असेल तर आम्हाला पण सांग हो.” मशिदीत जाईपर्यंत ही गोष्ट निम्म्या मोहल्ल्यात पसरली होती. संध्याकाळपर्यंत आमच्या होडीचे नाव ‘किश्ती’ पडले ते कायमचे.

थट्टा जुनीच आहे. हजरत नूह कोरड्या जमिनीवर जहाज बांधत होते तेव्हा येणारेजाणारे त्यांची टिंगल करायचे, हे सूरह हूदमध्ये आले आहे. म्हणजे घरच्या अंगणात होडी बांधणाऱ्याला शेजाऱ्यांनी हसणे हा फार पुरातन रिवाज म्हणायचा. फरक एवढाच की नूहना हुकूम होता. आम्हाला कुणाचा हुकूम नव्हता, गरजही नव्हती. आम्ही हौसेने करत होतो आणि आमच्या गावाला न समजणारी गोष्ट नेमकी तीच होती.

आमच्या घराण्याला समुद्र नवा नाही. आजोबा पडावावर खलाशी होते. मंगळूरची कौले भरून पडाव मुंबईकडे जायचे, येताना वाटेतल्या बंदरांत माल उतरवायचे. कोकणातल्या जुन्या घरांवरची कितीतरी लाल छपरे अशीच शिडाच्या बळावर आली. आजोबांना होडी म्हणजे पोट होते. ती बांधणे हे मिस्त्रीचे काम, चालवणे तांडेलाचे आणि शीड ओढणे यांचे. माझे वडील पुढे कुवेतला गेले आणि आम्हा मुलांना त्यांनी खाडीत पोहायलाही शिकू दिले नाही. दर्याचे नाव घरात काढायचे नाही, अभ्यास करायचा, असा दंडक होता. अशा घरात वयाच्या पन्नाशीत मी होडी बांधतो आहे, हे बघून माझी आई फक्त एवढेच म्हणाली, “तुझ्या आज्याला हे बघून रडू आलं असतं की हसू, सांगता येत नाही.”

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पहिल्या आठवड्यात आम्ही नकाशाप्रमाणे प्लायच्या सपाट फळ्या कापल्या. मग पुस्तिकेत पुढची पायरी वाचली आणि चौघेही एकमेकांकडे बघत राहिलो. फळ्यांच्या कडांना ठरावीक अंतरावर बारीक भोके पाडा, दोन फळ्या कडेला कड लावून धरा, भोकांतून तांब्याची तार ओवा आणि पकडीने पिळा. थोडक्यात, होडी शिवा. खिळा नाही, आतला सांगाडा नाही. रिवाइंडिंगवाल्या मित्राने दुकानातून तांब्याच्या तारेचे रीळ आणले. दोन दुपारी आम्ही टाके घातले. आणि कालपर्यंत जमिनीवर पसरलेले सपाट तुकडे एकदम उभे राहिले, फुगले, त्यांना पोट आले, नाळ आली. असे काही हाताखाली घडताना मी याआधी पाहिले नव्हते. कागदाची होडी मोठी होऊन लाकडाची झाल्यासारखे वाटले.

ही युक्ती कुणाची, हे शोधायला मी त्या रात्री बसलो आणि तेव्हापासून हा लेख डोक्यात आहे.

इंग्लंडमध्ये केन लिटलडाइक नावाचे सुतारकाम शिकवणारे शिक्षक होते. लहान होड्या, म्हणजे कनू आणि कयाक, सोप्या रीतीने कशा करता येतील या खटपटीत त्यांनी प्लायच्या फळ्या आधी मासेमारीच्या दोरीने आणि नंतर तांब्याच्या तारेने शिवून पाहिल्या. सांध्यांवर काचतंतूंची पट्टी रेझिनमध्ये भिजवून चिकटवायची. पट्टी वाळून कडक झाली की बाहेरची तार छाटून टाकायची. टाका फक्त आकार येईपर्यंत धरून ठेवतो, पुढचे काम रेझिन करते.

ही युक्ती घराघरात गेली ती बॅरी बकनेल या माणसामुळे. बीबीसीवर घरच्या घरी दुरुस्ती कशी करावी हे दाखवणारा त्यांचा कार्यक्रम १९५०च्या दशकाच्या अखेरीपासून लोकप्रिय होता. १९६२ साली तर बीबीसीने लंडनच्या ईलिंग भागात एक जुने पडके घर विकत घेऊन ते बकनेलकडून आठवड्यागणिक पडद्यावर दुरुस्त करून घेतले. त्यांचे बघून इंग्रज गृहस्थांनी जुन्या नक्षीदार दारांवर सपाट हार्डबोर्ड ठोकले, त्याबद्दल जुन्या वास्तूंचे प्रेमी बकनेलना अजूनही शिव्या देतात. पण या माणसाने एक गोष्ट फार चांगली केली. शिवलेल्या प्लायची शिडाची एक छोटी होडी त्यांनी आखली. जॅक होल्ट या नावाजलेल्या होडी-रचनाकाराने तिच्यावर हात फिरवला. आणि ‘डेली मिरर’ या दैनिकाने ती आपल्या नावाने बाजारात आणली. जानेवारी १९६३च्या लंडन बोट शोमध्ये ती लोकांनी पाहिली. लांबी दहा फूट दहा इंच, शिडे लाल आणि सुट्या भागांच्या संचाची किंमत ६३ पौंड ११ शिलिंग.

‘डेली मिरर’ हे कामगारवर्गाचे आणि मजूर पक्षाच्या बाजूचे वर्तमानपत्र होते. त्या काळी ६३ पौंड म्हणजे कारखान्यातल्या माणसाची साधारण महिन्याभराची कमाई. शिडाची होडी हा तोवर क्लबात जाणाऱ्या साहेबलोकांचा शौक होता. कामगाराने ती घ्यायची कशी? तर विकत न घेता बांधायची. या होडीची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या गृहीतकावर बेतलेली आहे. तिची नाळ टोकदार नाही, पेटीसारखी बोथट आहे. कारण टोकदार नाळेसाठी फळीला जेवढा पीळ द्यावा लागतो तेवढा नवख्या हाताला जमत नाही. डोलकाठी आखूड आहे आणि शिडाचा वरचा भाग दुसऱ्या काठीने तोलला जातो. त्यामुळे सगळ्या काठ्या उतरवून होडीच्या पोटातच मावतात. होडी गाडीच्या टपावर चढवता येते. ज्याच्याकडे धक्का नाही, नोकर नाही आणि होडी ठेवायला अंगणाचा एक कोपराच आहे, त्याचा विचार करून हे सगळे केलेले आहे. सत्तर हजारांहून जास्त मिरर आजवर बनल्या. गॅरेजात, व्हरांड्यात, बैठकीच्या खोलीत बनल्या. यातल्या एका जुन्या होडीतून ए. जे. मॅकिनन नावाचा शाळामास्तर १९९७ साली वेल्सच्या सीमेजवळच्या आपल्या शाळेपासून निघाला आणि नद्या-कालवे पार करत थेट काळ्या समुद्रापर्यंत गेला. लिटलडाइक मास्तर, मॅकिनन मास्तर आणि आमचा भूगोलवाला! या छंदाचे शाळेशी काहीतरी नाते असावे. उन्हाळ्याची सुट्टी हे त्याचे उत्तर, असे रोखपाल म्हणतो.

प्लायच्या आधी हौशी माणसाला हे का जमत नव्हते, हे कळायला जोशुआ स्लोकमचे उदाहरण बघावे. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला माणूस. १८९५ ते १८९८ हा त्याचा प्रवास. पण त्याआधी अमेरिकेत फेअरहेवन गावातल्या एका शेतात पडलेली ‘स्प्रे’ नावाची कुजकी होडी त्याने तेरा महिने खपून नव्याने उभी केली. खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. पठाणासाठी, म्हणजे होडीच्या कण्यासाठी, त्याने जवळचे ओकचे झाड पाडले. बरगड्या वाकवायला लाकडाला वाफ देण्याची पेटी बनवली. गावातले म्हातारे देवमासे-शिकारी कप्तान येऊन गप्पा मारत बसायचे, मते द्यायचे. चित्र आमच्या पडवीसारखेच आहे. पण स्लोकम हा आयुष्य जहाजांवर काढलेला कप्तान होता. झाड पाडणे, तासणे, वाफवणे, वाकवणे हे भूगोलाच्या मास्तराचे काम नाही.

ते काम सोपे केले प्लायने आणि डिंकाने, आणि हे दोन्ही पक्के झाले ते युद्धात. दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिशांचे मॉस्किटो विमान लाकडी होते. बर्चच्या पातळ प्लायच्या दोन थरांमध्ये हलके बाल्सा लाकूड चिकटवून त्याचे अंग बनवत. धातूची टंचाई होती आणि फर्निचर व पियानो बनवणारे कारागीर रिकामे होते, त्यांना हे काम मिळाले. या विमानाचा आपल्याशीही एक संबंध आहे. १९४४ साली भारतात आलेल्या काही मॉस्किटोंचे लाकडी सांधे सुटले, पंख निकामी झाले, विमाने जमिनीवर उभी करावी लागली आणि चौकशीसाठी डी हॅविलंड कंपनीला इंग्लंडहून माणसे पाठवावी लागली. डिंक, दमट उष्ण हवा आणि जोडकामात राहिलेल्या फटी यांपैकी दोष कुणाचा, यावर बरीच चर्चा झाली. एवढे मात्र सगळ्यांना कळले की इंग्लंडच्या हवेत धरणारा सांधा बंगालच्या हवेत धरेलच असे नाही.

हे मी जुलैत वाचले असते तर बरे झाले असते. मी ते सप्टेंबरात वाचले.

जुलैत आम्ही आतल्या सांध्यांवर काचतंतूंची पट्टी एपॉक्सीत बसवली. पाऊस धो धो, भिंतींना ओल, मीठ भांड्यात विरघळत होते. पहिला थर दोन दिवसांत कडक झाला, पण वर मेणचट, हाताला तेलकट लागणारा एक पापुद्रा राहिला. आम्हाला वाटले, असेच असते. त्यावर दुसरा थर चढवला. आठ दिवसांनी मित्राने सहज नख लावले तर अख्खी पट्टी केळीच्या सालासारखी निघून आली. मग वाचनात आले की दमट हवेत एपॉक्सीवर असा थर जमतो आणि तो साध्या पाण्याने धुवून, घासून काढल्याशिवाय वरचा थर पकडत नाही. पुस्तिकेत ही सूचना होती, पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. लिहिणाऱ्याच्या गावी बहुधा आमच्यासारखा आषाढ नसावा. आम्ही तीन रविवार पॉलिश पेपरने घासत बसलो. रोखपालाने पंधरवडाभर तोंड दाखवले नाही. मीही मनातून सोडून दिले होते, फक्त झोपाळा परत टांगायची लाज वाटत होती.

याच पडेल दिवसांत मिस्त्री आले.

आमच्या खाडीत लाकडी होड्या बांधणारे ते शेवटचे. वय पंचाहत्तरच्या पुढे. गेल्या कित्येक वर्षांत त्यांनी नवी लाकडी होडी बांधलेली नाही, कारण मागणीच नाही. सगळ्यांना फायबरची हवी. मुले मुंबईला नोकरीत. मिस्त्रींनी आयुष्यात नकाशा वापरला नाही. पठाण मांडायचा, नाळ उभी करायची आणि पुढे डोळ्यांनी रेघ धरत जायचे. ते पडवीत आले, आमच्या किश्तीवर बोटाने टकटक केले आणि विचारले, “कुणाची?”

“आमचीच.”

“पैसे कोण देणार?”

“कुणी नाही, मिस्त्री. हौस.”

ते खाली बसले. जरा वेळाने म्हणाले, “मी साठ वर्षं होड्या बांधल्या. माझी स्वतःची एक पण नाही.”

मला यावर काही बोलता आले नाही. हौस ही पगार असलेल्या माणसाची चीज आहे. इंग्लंडात आठवड्याला दोन सुट्ट्या मिळू लागल्या, घराला गॅरेज आले, खिशात महिन्याच्या खर्चापलीकडे चार पैसे उरू लागले, तेव्हा कामगाराला होडी बांधायचा छंद परवडला. आमच्याकडे होडीचे ज्ञान घराण्यात राहिले, हातातून हातात गेले आणि ज्याच्या हातात होते त्याला ते मजुरीपलीकडे काही देऊ शकले नाही. शिवरायांच्या आरमाराचा इतिहास सांगताना आपण दर्यासारंग, दौलतखान ही नावे अभिमानाने घेतो, आणि घ्यावीतच. पण ती गुराबे आणि गलबते ज्यांनी तासली, त्यांपैकी किती जणांची नावे आपल्याला पाठ आहेत?

मिस्त्रींनी मग टाक्यांकडे बोट दाखवले. नाळेकडच्या काही तारा आम्ही अजून छाटल्या नव्हत्या. “हे तुम्हाला कुणी शिकवलं?” मी इंग्लंड, मास्तर, वर्तमानपत्र असे सगळे सांगितले. ते हसले. तरुणपणी ते कामासाठी केरळात गेले होते. तिथे भात वाहणाऱ्या मोठ्या होड्या काथ्याने शिवलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या. “लोखंड नाही, तांबं नाही. नुसता सुंभ. तुमचा साहेब आत्ता आला.”

मिस्त्रींचे म्हणणे इतिहासाला धरून आहे. अरबी समुद्राच्या काठावर होडी शिवणे हीच मुळात रीत होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत अशा शिवलेल्या होड्यांचा उल्लेख येतो. ११८३ साली हजला निघालेला स्पेनचा प्रवासी इब्न जुबैर तांबड्या समुद्राच्या काठी ऐधाब बंदरात अडकला होता. तिथल्या होड्यांना एकही खिळा नाही, त्या नारळाच्या काथ्याने शिवतात, मग तूप, एरंडेल किंवा शार्कचे तेल पाजतात आणि त्यांत शार्कचे तेल सगळ्यात चांगले, असे त्याने बारकाईने नोंदवले आहे. लाकूड आणि काथ्या हिंदुस्थानातून आणि येमेनमधून येतो, हेही तो सांगतो. त्याला या होड्यांची भयंकर भीती वाटली होती. त्याच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी होर्मुझला आलेल्या मार्को पोलोचेही तेच. त्याने तर या होड्यांना अगदीच टाकाऊ ठरवले.

चौदाव्या शतकातल्या इब्न बतूताने मात्र कारण समजून घेतले. मालदीवच्या काथ्याबद्दल लिहिताना तो म्हणतो की हिंद आणि येमेनची जहाजे याच दोरीने शिवतात, कारण या समुद्रात खडक फार. खिळ्यांनी ठोकलेले जहाज खडकावर आदळले की फुटते, शिवलेले जहाज लवचीक असल्याने निभावते. लाटांतून थेट वाळूवर चढवायच्या होडीला तर हे फारच सोयीचे. धक्का बसला की अंग जरासे दबते आणि पुन्हा जागेवर येते. समुद्रात लोहचुंबकाचे डोंगर आहेत आणि ते जहाजाचे खिळे खेचून घेतात म्हणून शिवायचे, अशीही एक दंतकथा त्या काळी चालत असे. ज्याला शिवण्याचे खरे कारण ठाऊक नव्हते त्याने डोंगर रचला. या जातीच्या जहाजाचा प्रत्यक्ष पुरावाही आहे. इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ १९९८ साली नवव्या शतकातले एक शिवलेले जहाज सापडले, त्याच्या पोटात चिनी मातीची सुमारे साठ हजार भांडी होती.

इथे मला चाचांची थट्टा पुन्हा आठवते. सूरह कमरमध्ये नूहच्या जहाजाचे नाव न घेता ते कशाचे बनले आहे एवढेच सांगितले आहे. एक तर फळ्या, आणि दुसरा शब्द ‘दुसुर’. याचा अर्थ बहुतेक भाषांतरांत खिळे असा येतो. पण अरबी कोशकारांनी दुसराही अर्थ दिला आहे, जहाजाच्या फळ्या बांधायची तंतूंची दोरी. ज्या समुद्रकाठी ही भाषा बोलली जात होती तिथल्या होड्या शिवलेल्या असत हे लक्षात घेतले, तर दुसरा अर्थ का टिकून राहिला ते समजते. मी आलिम नाही, कोणता अर्थ बरोबर ते ठरवणारा मी कोण? मिस्त्रींना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “जिथला सुतार, तिथला अर्थ.”

पोर्तुगीज १४९८ साली आले, त्यांची तोफा वाहणारी खिळेठोक जहाजे आली आणि पुढच्या काळात मोठ्या जहाजांमधून काथ्याचा टाका हळूहळू हटत गेला. आपल्या भाषेत मात्र त्या सामाईक समुद्राचे बरेच काही राहिले. नाखवा, खलाशी, सुकाणू, बंदर हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि कोळ्याच्या तोंडी असे रुळले की आज कुणाला ते बाहेरचे वाटत नाहीत.

टाका परत आणण्याचे मोठे काम १९८० साली झाले. आयरिश-ब्रिटिश प्रवासी टिम सेव्हरिनने ओमानमधल्या सूर गावी ‘सोहार’ नावाचे जहाज नवव्या शतकाच्या रीतीने बांधून घेतले. लाकूड मलबारचे. शिवायला लागलेला काथ्या सुमारे साडेसहाशे किलोमीटर लांबीचा. शिवणारे कारागीर लक्षद्वीपचे आणि त्यांच्यावर देखरेख करणारे मिनिकॉयचे अली मणिकफान. शाळा अर्धवट सोडलेला हा माणूस. समुद्री जीवांचा अभ्यास, भाषा, खगोल, शेती, यंत्रे, जे आवडले ते स्वतःच शिकत गेला. एका माशाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ‘सोहार’ नोव्हेंबर १९८०मध्ये ओमानहून निघून पुढच्या जुलैत चीनच्या कँटनला पोहोचले. आपल्याकडे उर्दू-मराठी सभांमध्ये इब्न बतूताचे नाव पुष्कळदा निघते, मणिकफानांचे मी एकदाही ऐकलेले नाही.

आणि अगदी अलीकडे गोव्यात, दिवार बेटावर, अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या जहाजावरून एक शिवलेले जहाज बांधले गेले. टाके घालायचे काम केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. मे २०२५मध्ये कारवारला ते ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. मिस्त्रींना मी मोबाइलवर त्याची चित्रफीत दाखवली. त्यांनी ती तीनदा पाहिली. जहाजाचे शीड, सजावट यांकडे त्यांचे लक्षही नव्हते. कारागीर फटीवर नारळाचा सोडणा दाबून त्यावर काथ्या आवळतो, तेवढाच भाग ते पुन्हा पुन्हा मागे घ्यायला लावत होते.

त्या दिवसापासून मिस्त्री रोज असरनंतर येऊ लागले. प्लायला त्यांनी शेवटपर्यंत ‘पुठ्ठा’च म्हटले. पण पट्टी परत बसवताना त्यांनी आम्हाला थांबवले, दोन दिवस लख्ख ऊन पडेपर्यंत हात लावू दिला नाही आणि आधी आत हॅलोजनचा दिवा लावून लाकूड कोरडे करून घेतले. डाव्या बाजूची वरची कड त्यांना बाहेरून बघताना खुपत होती. आम्ही फूटपट्टी लावली, नकाशा लावला, सगळे बरोबर होते. ते म्हणाले, “नकाशा बरोबर आहे, होडी चुकलीय.” रंधा मागितला आणि पाऊण तासात कड उतरवली. नंतर अंगणाच्या टोकाला उभे राहून पाहिले तेव्हा कुठे आम्हाला ते दिसले. रोखपाल त्या दिवसापासून परत आला आणि त्यांच्याकडून रंधा धरायला शिकतो आहे.

नारळी पौर्णिमेला उतरवायची ठरवले होते, ते दसऱ्यानंतर जमले. चार माणसांनी उचलून नेण्याइतकी ती हलकी आहे. खाडीवर निम्मे गाव जमले होते, चाचा पुढे. पहिल्या फेरीला मी आणि भूगोलवाला बसलो. आईने मला पोहता येत नाही याची जाहीर आठवण करून दिली, म्हणून भंगारातल्या दोन ट्यूब बांधून घेतल्या. किश्ती तरंगली. अर्ध्या तासात उजव्या सांध्यातून पेलाभर पाणी आत आले. काठावर आल्यावर मी वाडग्याने पाणी उपसू लागलो तर मिस्त्रींनी हात धरला. कुठून आले ते आधी बघू दे म्हणाले, आणि लुंगी वर खोचून स्वतःच आत बसले. वल्हे घेतले, एकटेच. खाडीच्या मध्यापर्यंत गेले. आम्ही हाका मारत होतो, पण त्यांना परत यायची घाई नव्हती.

सध्या ती पडवीत उलटी घातलेली आहे आणि तिच्याखाली शेजारच्या कोंबडीने अंडी घातली आहेत. सांध्याची जागा खडूने खूण करून ठेवली आहे. चाचा परवा विचारत होते, त्यांच्या नातवासाठी अजून एक लहानशी बांधायला किती प्लाय लागेल.